इलेक्ट्रिक गिटारसाठी महागडे हेडफोन: तुलना कोणत्या क्रमाने करायची

पन्नास हजारांच्या पुढचे दोन हेडफोन समोर ठेवले की बहुतेक जण एक कानावर चढवतात, आवडतं गाणं लावतात, मिनिटभरात तो काढून दुसरा चढवतात आणि लगेच निकाल देतात: "याच्यात डिटेल जास्त आहे." हे जास्तीचं डिटेल बहुधा तीन गोष्टींतून आलेलं असतं. दुसरा हेडफोन थोडा मोठ्याने वाजत होता, त्याचा ट्रेबल चढा होता, किंवा पहिल्याचे पॅड कानाभोवती नीट बसले नव्हते. गिटार कशी वाजली हे ऐकायचं राहूनच जातं.

इलेक्ट्रिक गिटारच्या सहाव्या तारेचा मोकळा स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो. पहिल्या तारेवर बाविसाव्या फ्रेटला तो १,१७५ हर्ट्झपर्यंत जातो. त्यावर हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) चढतात, डिस्टॉर्शनमुळे (आवाज मुद्दाम फाडल्यामुळे) आणखी चढतात. पण गिटार अ‍ॅम्पचा बारा इंची स्पीकर ५,००० हर्ट्झच्या पुढे झपाट्याने पडतो. त्यामुळे रेकॉर्डिंगमधल्या गिटारचा जवळजवळ सगळा ऐवज ८० ते ५-६ हजार हर्ट्झमध्ये असतो आणि तिचा स्वभाव १,००० ते ४,००० च्या पट्ट्यात ठरतो. त्याच्या वर जे चमकतं ते मुख्यतः ड्रमसेटच्या झांजा आणि गायकाचे 'स', 'श'. ट्रेबलपासून सुरुवात करणारा माणूस म्हणजे झांजांची तुलना करत असतो.

म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. आधी बसवणं, मग आवाजाची पातळी, मग मधला पट्टा आणि त्यानंतर बाकी सगळं.

टप्पा १: खोली, डोकं आणि पॅड

पंखा बंद करा. या किमतीतले बरेच चांगले हेडफोन ओपन-बॅक असतात, म्हणजे बाहेरचा आवाज सरळ आत येतो. छताच्या पंख्याची घरघर खालच्या पट्ट्यात असते आणि ती नेमकी पाम म्यूटचा (तळव्याने तारा दाबून वाजवल्याचा) ठोका आणि स्वर विरताना उरणारी रिव्हर्बची शेपटी झाकते. एसी असेल तर पंधरा मिनिटं आधी खोली थंड करून तोही बंद करा. रस्त्यालगतचं घर असेल तर रात्री दहानंतर बसा. क्लोज्ड-बॅक आणि ओपन-बॅक यांची तुलना गोंगाटात केली तर क्लोज्ड-बॅक जिंकणारच, त्यात त्याचं काही कर्तृत्व नाही.

चष्मा हा दुसरा गुन्हेगार. काडी पॅडखाली गेली की फट पडते आणि क्लोज्ड किंवा प्लॅनर (शंकूऐवजी सपाट पडद्याच्या) हेडफोनचा खालचा बेस त्या फटीतून निसटतो. चष्मा काढून एकदा आणि घालून एकदा ऐका. रोज चष्मा लावूनच ऐकणार असाल तर सगळी तुलना चष्म्यासकटच करा. लांब केस आणि मोठे डूल यांचंही तेच.

पॅड किती वापरलेले आहेत ते बघा. दुकानातला डेमोचा नग शेकडो डोक्यांवर बसलेला असतो. फोम चपटा झाला की ड्रायव्हर (हेडफोनमधला आवाज काढणारा भाग) कानाच्या जवळ येतो आणि आवाज बदलतो. जुन्या पॅडचा एक आणि नव्या पॅडचा दुसरा अशी तुलना म्हणजे पॅडची तुलना. बायरडायनॅमिकच्या डीटी १९९० प्रोसोबत तर वेगवेगळ्या आवाजाचे दोन जोड पॅड येतात. कोणते लावलेत ते आधी विचारा.

तपासा: हेडफोन कानावर ठेवून पाच-सहा मिलिमीटर पुढे-मागे, वर-खाली सरकवा. ट्रेबल बदलतो आहे ना? ज्या जागी गायकाचा आवाज बरोबर मधोमध येतो ती जागा लक्षात ठेवा आणि दर वेळी तिथेच बसवा.

टप्पा २: साखळी (गाण्यापासून हेडफोनपर्यंतची उपकरणं)

ब्लूटूथ नको, वायरच लावा. फोनमधलं डॉल्बी अ‍ॅटमॉस, इक्वलायझर आणि 'आवाज सुधारणारी' बाकीची बटणं बंद करा. गाणी एकाच अ‍ॅपवरून, एकाच आवृत्तीतून. एकाच अल्बमची मूळ आणि रिमास्टर आवृत्ती यांत जितका फरक असतो तितका कित्येकदा दोन हेडफोनमध्येही नसतो.

हेडफोन अ‍ॅम्पची ताकद इथे खरोखर महत्त्वाची आहे. हायफायमॅनच्या सुस्वारा या हेडफोनची संवेदनशीलता १ मिलिवॅटला ८३ डेसिबल आणि इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) ६० ओहम. तडाख्याच्या क्षणी ११० डेसिबलपर्यंत जायचं तर त्याला अर्धा वॅट, म्हणजे साडेपाच व्होल्टच्या आसपास लागतात. फोनला लावायचा छोटा डोंगल साधारण एक व्होल्टवर दम टाकतो. अशा डोंगलवर सुस्वारा ऐकून "मरगळलेला आहे" म्हणणं हा अन्याय आहे.

दुसरी बाब अ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पीडन्सची. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी असावा, हा सोपा नियम. सेनहायझर एचडी ६०० नावाला ३०० ओहमचा आहे, पण १०० हर्ट्झच्या जवळपास त्याचा इम्पीडन्स बराच वर चढतो. त्याला १०० ओहम आउटपुटचा ट्यूब अ‍ॅम्प लावला तर त्या जागी जवळपास १ डेसिबलचा फुगवटा येतो आणि रिदम गिटार अंगाने भरल्यासारखी वाटते. प्लॅनर हेडफोनचा इम्पीडन्स सपाट असतो, त्यामुळे त्याच अ‍ॅम्पवर त्याचा रंग बदलत नाही, फक्त आवाज पडतो. म्हणजे त्या ट्यूब अ‍ॅम्पवर एकाला मेकअप आणि दुसऱ्याला उपास. तुलनेसाठी कमी आउटपुट इम्पीडन्सचा साधा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प घ्या. ट्यूबची हौस नंतर भागवता येईल.

टप्पा ३: ऐकायचे तुकडे

पूर्ण गाणी नकोत. वीस ते तीस सेकंदांचे पाच तुकडे काढा, सगळे तुम्हाला तोंडपाठ असलेल्या गाण्यांतले. दुकानात बहुधा 'हेडफोनसाठी खास' अशी संथ, चकचकीत रेकॉर्डिंगं ऐकवतात. ती कुठल्याही हेडफोनवर छान वाजतात, म्हणूनच ती ऐकवतात.

पाच तुकडे असे निवडा:

१. स्वच्छ टोनची सिंगल-कॉइल (एका वेटोळ्याच्या पिकअपची) गिटार, शक्यतो टेलिकास्टर किंवा स्ट्रॅटोकास्टर. सोबत वाद्यं कमी.

२. किंचित फाटलेला आवाज, म्हणजे जोरात वाजवलं की खरखरतो आणि हळू वाजवलं की साफ होतो असा ब्लूज-रॉक तुकडा. पाचांतला सगळ्यात कामाचा हाच.

३. डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा, एकच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) दोनदा वाजवून भरलेल्या जड रिदम गिटार, पाम म्यूटसकट.

४. उंच सुरावरचा लांब सोलो, बेंड (तार ओढून चढवलेला सूर) आणि व्हायब्रॅटो (सुराची थरथर) असलेला, मागे ड्रम जोरात.

५. एक वाईट रेकॉर्डिंग. जुनं, बोचरं, पातळ, पण तुम्हाला जीव की प्राण असलेलं.

पाचवा तुकडा लोक गाळतात. रॉकच्या संग्रहातला मोठा भाग असाच रेकॉर्ड झालेला असतो. दीड लाखाचा हेडफोन घेऊन निम्मी गाणी ऐकवेनाशी झाली तर पैसे पाण्यात.

टप्पा ४: आवाज समान करणे

तुलना फसते ती इथे, म्हणून इथे वेळ घालवा. एका डेसिबलचा फरक 'मोठा आवाज' म्हणून जाणवत नाही. तो 'जास्त जिवंत', 'जास्त खोल', 'जास्त मोकळा' असा जाणवतो.

नॉब एकाच आकड्यावर ठेवला म्हणजे पातळी समान झाली, हा भ्रम आहे. पेटीवरचे आकडे त्यात भर घालतात. सेनहायझर एचडी ६५० वर १०३ डेसिबल लिहिलेलं असतं आणि ऑडीझी एलसीडी-एक्सवरही १०३. पण पहिला आकडा १ व्होल्टला आहे, दुसरा १ मिलिवॅटला. एलसीडी-एक्स २० ओहमचा असल्यामुळे त्याला १ मिलिवॅटसाठी ०.१४ व्होल्ट पुरतात. व्होल्टच्या हिशेबात तो १२० डेसिबलवर जातो. म्हणजे नॉब न हलवता एकावरून दुसऱ्यावर गेलात तर १७ डेसिबलची उडी. एचडी ६५० आधी ऐकून तसाच दुसरा कानावर चढवला तर कानाला इजा होईल इतका हा फरक आहे.

सावधान: हेडफोन बदलण्याआधी दर वेळी नॉब शून्यावर आणा.

कानाने पातळी जुळवायची पद्धत अशी. गाणं वापरू नका. ५०० ते २,००० हर्ट्झपुरता मर्यादित केलेला पिंक नॉइज (धबधब्यासारखा एकसारखा सळसळाट) वापरा, ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रोग्राममध्ये तो पाच मिनिटांत बनतो. पूर्ण पट्ट्याचा नॉइज घेतला तर ज्याचा बेस किंवा ट्रेबल चढा त्याने पातळी ठरते आणि गिटारचा पट्टा विषम राहतो.

पहिला हेडफोन तुमच्या नेहमीच्या पातळीवर लावा. मग दुसऱ्यावर तोच नॉइज ऐका आणि मुद्दाम मोठ्यापासून सुरू करून 'आता सारखा झाला' वाटेपर्यंत कमी करा. ती जागा टिपा. पुन्हा करा, पण या वेळी अगदी हळूपासून वर या. दोन जागा वेगळ्या येतील. त्यांची मधली जागा घ्या. डीएसीवर (डिजिटल सिग्नलचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या उपकरणावर) डेसिबलचा डिजिटल आकडा दिसत असेल तर टिपणं सोपं. साधा नॉब असेल तर ५० हर्ट्झचा टोन लावा, हेडफोन कानावरून काढा, पण अ‍ॅम्पला जोडलेलाच ठेवा आणि स्प्लिटर लावून मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा. दोन व्होल्टची एसी रेंज असलेला मल्टिमीटर हवा. दर वेळी त्याच व्होल्टेजवर परत यायचं.

तपासा: पातळी जुळवल्यावर तुकडा २ दोन्हींवर ऐका. फरक आधीपेक्षा कमी वाटला पाहिजे. कधी कधी तो जवळपास नाहीसाच होतो, आणि मग महागाची गरज आहे का हा प्रश्न इथेच सुटतो.

पातळी किती ठेवायची? सरासरी ७५ डेसिबलच्या आसपास पुरे. ८५ डेसिबल ही आठ तासांची मर्यादा धरली जाते आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला तासभरच उरतो. डिस्टॉर्शनची गिटार मोठी करत नेण्याचा मोह फार होतो, कारण तिच्यात चढ-उतार कमी असतात आणि कान लवकर सरावतो.

टप्पा ५: मधला पट्टा

आता तुकडा १, २ आणि ३. क्रम पहिला-दुसरा-पहिला, मग थोडं थांबून दुसरा-पहिला-दुसरा. याचं कारण सोपं आहे: जिलबीनंतर चहा अगोड लागतो. चढ्या ट्रेबलच्या हेडफोननंतर कुठलाही सरळ हेडफोन कोंदट वाटतो. दोन्ही फेऱ्यांत टिकलेलाच फरक खरा धरा.

तुकडा १ मध्ये पिक तारेला लागतानाचा टक ऐका. तीन गोष्टी एकामागून एक घडतात: प्लास्टिकचा स्पर्श, तारेचा कडक उगम, मग स्वराचं गोल अंग. चांगल्या हेडफोनवर त्या जोडलेल्या पण वेगळ्या कळतात. २,००० ते ४,००० हर्ट्झ दबलेले असतील तर टक जातो आणि गिटार ब्लँकेटखालून येते. तेच चढे असतील तर टकच उरतो, अंग जातं.

तुकडा २ मध्ये वाजवणाऱ्याचा हात ऐका. हळू वाजवलेल्या स्वराकडून जोरात वाजवलेल्याकडे जाताना आवाज नुसता मोठा होत नाही, त्याला दाणा येतो. हा दाणा कधी सुरू झाला ते कळतं का? एकाच कॉर्डमध्ये वरच्या दोन तारा साफ आणि खालच्या फाटलेल्या, असं वेगळं ऐकू येतं का? गिटारसाठी जास्तीचे पैसे कुठे मोजावेत असं मला विचाराल तर इथे. सोनेरी केबल आणि लाकडी कप यांसाठी नाही.

तुकडा ३ मध्ये फक्त एक बाजू ऐका, मग दुसरी, मग दोन्ही. रिफ तोच असला तरी दोन वेळा वाजवलाय, त्यामुळे पिकचे ठोके केसभर पुढे-मागे पडतात. ते दोन हात वेगळे राहतात की एक भिंत होते?

काही घराण्यांचे स्वभाव माहीत असले की कान कुठे ठेवायचा ते कळतं. सेनहायझरच्या एचडी ६०० आणि ६५० यांचा मधला पट्टा सरळ, गिटारचं लाकूड ऐकू येतं, पण अगदी खालचा बेस विरळ. ग्रॅडो २,००० च्या आसपास चढे: गिटार अंगावर येते, रॉकवाले त्यावर फिदा असतात, पण जागा अरुंद आणि तासाभराने डोकं जड. हायफायमॅनच्या बऱ्याच प्लॅनरमध्ये १,००० ते २,००० दरम्यान हलका खड्डा असतो, त्यामुळे मंच (वाद्यं जिथे पसरलेली भासतात ती जागा) मोठा वाटतो पण गिटार दोन पावलं मागे सरकते. ऑडीझीच्या एलसीडी-२ मध्ये त्याहून वरचा भाग दबलेला. जड रिफना तो मऊ आणि घट्ट करतो, टेलिकास्टरचा चावा मात्र घेऊन जातो. यातलं काही चूक नाही, पण काय गमावताय ते आधी कळलेलं बरं.

टप्पा ६: खालचा पट्टा

पुन्हा तुकडा ३. पाम म्यूटचा ठोका साधारण १०० ते २५० हर्ट्झमध्ये असतो. बेस गिटारचा सगळ्यात खालचा मोकळा स्वर ४१ हर्ट्झचा. किक ड्रम, बेस आणि म्यूट एकाच क्षणी पडतात तेव्हा तीन वस्तू ऐकू येतात की एकच धप्प? सात तारांच्या गिटारचं संगीत ऐकत असाल तर ही फेरी दुप्पट महत्त्वाची, कारण तिची खालची तार ६२ हर्ट्झपर्यंत उतरते आणि बेसच्या अंगणात शिरते.

चूक होते ती अशी: १५० हर्ट्झला फुगलेला हेडफोन पहिल्या मिनिटाला दणदणीत वाटतो. म्यूट संपल्यावर लगेच शांतता येते का ते ऐका. फुगलेल्यावर दोन म्यूटमधली मोकळी जागा भरून जाते.

टप्पा ७: वरचा पट्टा, आता

तुकडा ४ आणि ५. झांजांवर नाही, झांजा वाजत असताना सोलोवर लक्ष ठेवा. बेंड वर चढताना त्याची शेवटची पाव सुराची ओढ झांजांच्या फवाऱ्यात हरवते का? ६,००० ते ९,००० मधले टोकदार उंचवटे इथे पकडले जातात. पहिल्या एचडी ८०० ला ६,००० च्या जवळ असाच उंचवटा होता आणि पुढे एचडी ८०० एसमध्ये तो शोषून घेण्याची सोय केली गेली. बायरडायनॅमिकचा ८,००० च्या आसपासचा तडका तर प्रसिद्धच.

पुष्कळ गिटार शुअर एसएम५७ मायक्रोफोनने भरलेल्या असतात आणि त्या मायक्रोफोनलाच ५-६ हजारांच्या आसपास उठाव आहे. हेडफोनचा उठाव त्याच जागी पडला की दोन्हींची बेरीज होते. म्हणून तुकडा ५ ला घाबरून "रेकॉर्डिंगच वाईट आहे" म्हणू नका. दुसऱ्या हेडफोनवर ते सोसवतं का ते बघा.

मंचाची रुंदी, खोली वगैरे याच फेरीत उरकून घ्या. स्टुडिओतल्या रॉक रेकॉर्डिंगमध्ये मंच मिक्सिंगच्या टेबलावर बनलेला असतो, त्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही.

टप्पा ८: इक्वलायझरची परीक्षा

ही फेरी जवळजवळ कोणीच करत नाही. आवडलेल्या हेडफोनमध्ये नेमकं काय जास्त आहे ते आता तुम्हाला कळलंय. समजा, २,५०० च्या आसपास उठाव आहे. मग न आवडलेल्या, स्वस्त हेडफोनला पॅरामेट्रिक इक्वलायझरने तिथे ३ डेसिबल द्या, क्यू (उठावाची रुंदी ठरवणारा आकडा) १ ठेवा, पातळी पुन्हा जुळवा आणि तुकडा २ ऐका. फरक मिटला तर तुम्ही नुसत्या रंगासाठी पैसे मोजत होतात आणि तो रंग फुकट मिळतो. दाण्यातला, दोन हात वेगळे राहण्यातला फरक तरीही उरला तर महागाचा विचार करायला हरकत नाही. इक्वलायझर म्हणजे भेसळ, असं मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. गिटारवाल्याने अ‍ॅम्पवरचे तीन नॉब आधीच फिरवलेले असतात.

सावधान: इक्वलायझरमध्ये काहीही वाढवलं की प्रीअ‍ॅम्प (इक्वलायझरमधली एकूण पातळी) तितकाच खाली करा, नाहीतर डिजिटल क्लिपिंग होईल, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जातील, आणि डिस्टॉर्शनच्या गिटारमध्ये ते चटकन ओळखूही येत नाही.

टप्पा ९: लांब बैठक आणि पैसे देण्याआधी

प्रत्येक हेडफोनवर किमान दीड तास, वेगवेगळ्या दिवशी, तुकडे सोडून पूर्ण अल्बम. वजन इथेच कळतं. एलसीडी-एक्स सहाशे ग्रॅमच्या वर आहे आणि मानेला ते विसाव्या मिनिटाला समजतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लेदरचे पॅड आणि घाम हे प्रकरण हलक्यात घेऊ नका. वेलूर सुसह्य असतं, पण पॅड बदलले की आवाज बदलतो, तेव्हा त्याच पॅडवर टप्पा ५ पुन्हा करावा लागेल. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात वापर झाल्यावर पॅड कोरड्या फडक्याने पुसा आणि हेडफोन सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा.

आपण काय ऐकलं ते आपल्या शब्दांत लिहून ठेवा: कोंदट, बोचरा, पोकळ, नाकातला, घट्ट. दोन दिवसांनी पुन्हा ऐकून तेच शब्द येतात का ते बघा. शब्द उलटले तर पातळी नाहीतर पॅडची जागा चुकली, टप्पा ४ वर परत जा.

खरेदी करताना परत घेण्याची मुदत लेखी घ्या आणि भारतातली वॉरंटी आहे की परदेशातून आणलेला नग आहे ते बिलावर लिहून घ्या. नवे पॅड कितीला मिळतात आणि भारतात मिळतात का, हे विचारा. घरी आणल्यावर पहिल्या दिवशीच मोनो (दोन्ही कानांत एकच) सिग्नल लावून डावा-उजवा समान आहे का ते तपासा. आवाज मधोमध न येता एका बाजूला सरकत असेल तर हेडफोन उलटा घालून पहा. सरकण्याची बाजूही उलटली तर दोष हेडफोनचा नाहीतर साखळीचा. दुसऱ्या साखळीवरही तसंच झालं तर हेडफोन परत करा. न उलटता तिथेच राहिली तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा.